खोलीचा रंग कुणासाठी?

मागच्या वर्षी खालू वारले. इद्दतीचे 4 महिने 10 दिवस खालाला घरातच काढायचे होते. अहेरीतल्या त्यांच्या जुन्या घरात तिची खोली आतल्या बाजूला, उत्तरेकडे एकच छोटी खिडकी. भिंतींना गडद हिरवा डिस्टेंपर. जन्नतच्या लिबासाचा रंग म्हणून खालूंनीच तो हौसेने लावला होता. पण खोलीत दिवसाही बल्ब लागे. "कबरीत बसल्यासारखं वाटतं," खाला एकदा बोलून गेली.

निळा रंग शांत करतो, लाल भडकवतो, असे तक्ते आपण वाचतो. ते फार मनावर घेऊ नयेत. आपल्याकडे पांढरा म्हणजे कफन आणि एहराम; युरोपात तोच नवरीचा पोशाख. रंगाचा अर्थ सवयीने ठरतो. उजेडाचं मात्र तसं नाही. फिकट भिंत बराचसा उजेड खोलीत परत देते, गडद भिंत तो गिळते. दिवसभर अंधारात बसलेलं मन आणखी खचतं.

आम्ही इमामसाहेबांना विचारलं. इद्दतीतली मनाई स्वतःच्या साजशृंगाराला आहे, भिंतीच्या चुन्याला नाही, असं त्यांनी सांगितलं. मग खालाच्या दोन्ही मुलांनी जुना रंग खरवडला, भिंत ओली केली आणि चुन्यात डिंक व थोडी पिवळी माती घालून दोन पातळ हात दिले. छत पांढरं. खर्च थोडा, ऑइलपेंटसारखा उग्र वासही नाही. कुरआन शरीफ ठेवायचा कोनाडा तेवढा खालाने हिरवाच ठेवायला लावला.

ईदच्या आधी घर रंगवणार असाल, तर त्या खोलीत सर्वांत जास्त वेळ कोण बसतं ते आधी बघा आणि त्यांनाच विचारा. उत्तरेच्या उजेडाला किंचित पिवळसर छटा बरी. मे महिन्यात तापणाऱ्या पश्चिमेच्या खोलीला पांढरा किंवा फिका निळा. नजर कमी झालेल्या वडीलधाऱ्यांसाठी दाराची चौकट आणि उंबरठा भिंतीपेक्षा गडद ठेवा, ठेच टळते. दुकानातल्या कार्डावरून रंग ठरवू नका. हातरुमालाएवढा पट्टा भिंतीवर लावा, वाळू द्या आणि फजर, जोहर व मगरिबनंतर दिव्याखाली पाहा. मगच डबा आणा.

चुन्याने खालाचं दुःख गेलं नाही. पण जोहरनंतर ती बल्ब न लावता खिडकीशी तिलावतीला बसू लागली.