चांदोली : पावसाने आखलेले पट्टे

उंच पर्वतावरील राष्ट्रीय उद्यान म्हटले की हिमालयाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. उत्तराखंडातील नंदादेवी उद्यानात फर व भूर्ज वृक्षांची वने, त्यांवर कुरणे आणि त्याहून वर शाश्वत हिम असे उंचीनुसार थर आढळतात. सह्याद्रीत हिम नाही. चांदोली राष्ट्रीय उद्यानाची भूमी समुद्रसपाटीपासून साधारणतः ६०० ते १,००० मीटर उंचीवर आहे. एवढ्या चढणीत तापमान दोन-तीन अंशांनीच उतरते. तरीही येथे निसर्गाचे पट्टे स्पष्ट दिसतात, आणि ते आखले आहेत पावसाने.

सांगली, सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी या जिल्ह्यांच्या सीमा जेथे मिळतात, तेथे हे उद्यान सुमारे ३१७ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरले आहे. १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या वनाला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला.

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे कोकणच्या बाजूच्या उभ्या कड्यांवर आदळून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. याच परिसरातील पाथरपुंज येथे २०१९ साली ७,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात मात्र ५०० मिलिमीटर पाऊसही चांगला मानला जातो.

माथ्यावर जांभा खडकाचे विस्तीर्ण सडे आहेत. झोळंबीचा सडा त्यांपैकी एक. उन्हाळ्यात उजाड दिसणाऱ्या या कातळाला पडीक जमीन समजण्याची चूक सहज घडते. येथे माती बोटभर, वारा अनावर. म्हणून वृक्ष वाढत नाहीत. पावसाळ्यात मात्र त्याच मातीत सीतेची आसवे, दवबिंदू अशा इवल्या वनस्पती फुलतात. मातीत पोषक द्रव्ये कमी असल्याने या दोन्ही वनस्पती सूक्ष्म जीव व कीटक पकडून आपली गरज भागवतात. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यात मुरते व उतारावरील झऱ्यांतून पाझरत राहते.

सड्याखालील घळींत अंजनी, जांभूळ व पिसा यांचे सदाहरित वन आहे. पूर्वेकडे उतरावे तसे हिरडा, आईन, किंजळ हे वृक्ष वाढत जातात. मधूनच लागणारी मोकळी गवताळ मैदाने ही स्थलांतरित गावांची जुनी शेते होत. जेथे नाचणी व वरी पिकत असे, तेथे आता गवे चरतात. या ग्रामस्थांनी घरे सोडली, तेव्हा परिचित पाऊस आणि परिचित पीकही मागे राहिले; पुनर्वसनाचा विचार करताना केवळ जमिनीचे क्षेत्रफळ मोजून भागत नाही, ते यामुळेच.

याच दऱ्यांतील पाणी वारणेवरील वसंतसागर जलाशयात साठते. त्याची क्षमता ३४.४० अब्ज घनफूट आहे. सडे व घळी यांवरील आच्छादन वणव्याने जळाले, तर पहिल्या पावसात सुटलेली माती याच जलाशयात येऊन बसते. धरणातून सुटलेले पाणी शिराळ्याच्या दक्षिणेकडून वाहत सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेला मिळते.