हंसाच्या नळांची नौका
जर्मनीत कील इथे १९३१ साली बांधलेली ‘सी क्लाउड’ मुळात अमेरिकन धनिक मार्जोरी मेरीवेदर पोस्ट यांच्या कुटुंबाची खासगी नौका. दुसऱ्या महायुद्धात डोलकाठ्या उतरवून तिला हवामानाच्या नोंदी घेण्याच्या कामाला जुंपलं. पुढे ती डॉमिनिकन हुकूमशहा त्रुहियोच्या दिमतीलाही होती. आज ती पर्यटकांना सफरीवर नेते; प्रवासी जेमतेम ६४. डोलकाठ्या चार, शिडं तीसेक. ती उलगडायला बटण नाही. खलाशी दोरांच्या शिड्यांवरून वर चढतात, आडव्या काठीवर पोट टेकून एकेक गाठ हातानं सोडतात. मग इंजिन थांबतं. (खरी चैन हीच!) मार्जोरींच्या खोलीला संगमरवरी न्हाणीघर, नळ सोनेरी, हंसाच्या आकाराचे. वारा पडला, की मात्र मुकाट्यानं डिझेल.