हाताच्या पुनर्वसनात विद्युत-उत्तेजनाचे स्थान

पक्षाघातानंतर ग्राहकाची स्वाक्षरी नमुन्याशी जुळेनाशी झाली, तर साक्षीदारांसमक्ष अंगठ्याचा ठसा घेऊन व्यवहार पूर्ण करता येतो. बँकेपुरता प्रश्न तेथे मिटतो. ग्राहकाचा मिटत नाही. सदऱ्याची गुंडी लावण्यासाठीही त्याला दुसऱ्याची वाट पाहावी लागते.

वस्तुतः त्याच्या हाताला इजा झालेली नसते. हाताला आज्ञा देणारा मेंदूचा भाग दुखावलेला असतो. मात्र मेंदूच्या शाबूत भागांत नवे मार्ग घडू शकतात, आणि ते घडतात एकाच हालचालीच्या शेकडो आवर्तनांनी. विद्युत-उत्तेजनाचे उपचार या आवर्तनांना साहाय्य करण्यासाठी आहेत.

स्नायूंच्या उत्तेजनात कोपर व मनगट यांमधील त्वचेवर पट्ट्या चिकटवून सौम्य प्रवाह सोडतात. त्यामुळे मिटलेली बोटे उघडतात. रुग्णाने त्याच क्षणी स्वतःही बोटे उघडण्याचा प्रयत्न करावा, प्याला धरावा, सोडावा, हे यातील मर्म होय. पट्ट्या लावून दूरदर्शन पाहत बसल्यास यातील बहुतेक लाभ हातचा जातो.

मेंदूच्या उत्तेजनाची कथा अधिक उद्बोधक आहे. डोक्यावर धरलेल्या चुंबकीय वेटोळ्याने विरुद्ध बाजूचा हात हलवता येतो, हे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी 1985 मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे दाखवले. त्यातून मोठ्या आशा निर्माण झाल्या. परंतु 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 199 रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत खऱ्या उत्तेजनाच्या गटात 67 टक्के, तर लुटुपुटुच्या उत्तेजनाच्या गटात 65 टक्के रुग्ण सुधारले. दोन्ही गटांना व्यायाम मात्र सारखाच दिला होता!

याउलट, 2021 मध्ये ‘लँसेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 108 रुग्णांच्या छातीत त्वचेखाली एक लहान यंत्र बसवून त्याची तार मानेतील व्हेगस चेतेला जोडली होती. रुग्ण हात हलवी त्याच वेळी चेतेला स्पंद दिला जाई. पक्षाघात होऊन किमान नऊ महिने उलटलेल्या या रुग्णांपैकी 47 टक्क्यांत लक्षणीय सुधारणा दिसली. केवळ व्यायामाचा लाभ मिळालेल्या गटात हे प्रमाण 24 टक्के होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या यंत्रास मान्यता दिली. अर्थात यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते.

यंत्रासाठी मुदत ठेव मोडण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टकडे त्याचा काही दिवस प्रत्यक्ष वापर करून पाहावा, आणि त्यासोबत रोज कोणता व्यायाम किती वेळा करावयाचा हे लिहून घ्यावे. पेसमेकर असल्यास किंवा पूर्वी फिट आली असल्यास ते आधीच डॉक्टरांना सांगावे.