आभाळातलं सफाई खातं

ऑफिसात एखादी केबिन रिकामी व्हायची चिन्हं दिसली आणि तिघं-चौघं तिच्याभोवती घुटमळायला लागले, की आपण काय म्हणतो? 'बघ, गिधाडं टपलीत!' खरं तर गिधाड कुणाच्या जिवावर उठत नाही. ते येतं सगळं संपल्यावर, साफसफाई करायला. आणि ज्याच्या नावाने आपण सहकाऱ्यांना टोमणे मारतो, तो पक्षी आपल्या आभाळातून जवळजवळ गायब झाला, याचा आपल्याला पत्ताही नाही.

माझं आजोळ बोरी. परभणीहून जिंतूरला जाताना वाटेत लागतं. गेल्या दिवाळीत मामांपाशी गिधाडांचा विषय काढला, तर ते म्हणाले, "अगं, पहिलं ढोर मेलं की गावाबाहेर नेऊन टाकायचे. गिधाडं अशी उतरायची, की बघता बघता नुसता सापळा! आता कुठं दिसायलेत? आता नुसते कुत्रे."

मामांच्या या दोन-तीन वाक्यांत पूर्ण कहाणी आहे.

मस्त डिझाइन!

मेलेलं खाऊन जगणारे पक्षी जगभर आहेत. दक्षिण अमेरिकेत काराकारा आहे. खरं तर हा ससाण्याचा भाऊबंद, पण शिकारीमागे सुसाट धावण्यापेक्षा जमिनीवर ऐटीत चालत मेलेलं टिपणं त्याला जास्त पसंत. आपल्याकडे हे खातं गिधाडांकडे. उंच झाडांवर घरटी करणारं पांढऱ्या पाठीचं, कड्यांवर राहणारं लांब चोचीचं आणि आकाराने लहान असलेलं पांढरं गिधाड.

त्यांचं नेटवर्किंग तर बघा. उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेवर पंख न हलवता ती तासन्‌तास तरंगतात. एकाला खाली काही दिसलं आणि ते उतरलं, की लांबचं दुसरं ते बघतं, त्याला बघून तिसरं. डोक्या-मानेवर पिसं कमी, म्हणजे घाण चिकटायची भानगड कमी. पोटातलं ॲसिड इतकं जहाल, की सडक्या मांसातले बहुतेक जंतू तिथेच खलास. थवा मोठा असेल तर अख्खी गाय तासाभरात साफ!

मग झालं काय?

1990च्या दशकात राजस्थानातल्या भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांना माना टाकून बसलेली, मेलेली गिधाडं दिसू लागली. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्क्यांनी घटली. हजारात एक उरलं म्हणा ना!

गुन्हेगार सापडला 2004 मध्ये, पाकिस्तानातल्या संशोधनातून. डायक्लोफेनॅक! दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून कंबर धरली की आपण जे जेल चोळतो, त्यातही असणारं हेच साधं वेदनाशामक. स्वस्त झाल्यावर ते गुरांनाही सर्रास टोचलं जाऊ लागलं. इंजेक्शननंतर लवकरच जनावर मेलं, तर औषध त्याच्या मांसात राहतं. ते खाल्लेल्या गिधाडाची किडनी निकामी होते आणि यूरिक ॲसिड अवयवांवर खडूच्या भुकटीसारखं साचतं. शंभर मेलेल्या जनावरांपैकी एकातसुद्धा हे औषध नसलं, तरी एवढा ऱ्हास होऊ शकतो, असं गणित शास्त्रज्ञांनी मांडलं. कारण एका जनावरावर अख्खा थवा जेवतो. शिवाय गिधाड वयात यायलाच पाचेक वर्षं लागतात आणि पांढऱ्या पाठीची मादी वर्षाला एकच अंडं घालते. भरपाई होणार कशी?

बिल आपल्या नावावर

गिधाडं गेली, मांस उरलं. त्यावर भटकी कुत्री पोसली गेली, पाण्यात घाण मिसळली. 2024 मध्ये इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी हिशोब मांडला. गिधाडं नाहीशी झाल्यामुळे 2000 ते 2005 या काळात भारतात सुमारे 5 लाख जादा माणसं दगावली, असा त्यांचा अंदाज. सफाई खातं फुकट होतं, तेव्हा त्याची किंमत कळली नव्हती.

गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर 2006 मध्ये बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचू लागल्या, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनची बाटली एका डोसपुरती, 3 मिलिची करण्यात आली. 2023 मध्ये गुरांसाठीचं केटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफेनॅकही बंद झालं. दुसरीकडे, हरियाणातल्या पिंजोर केंद्रात वाढवलेली गिधाडं 2024 मध्ये आपल्या पेंच आणि ताडोब्यात आणली गेली. पण बाहेर विषारी ताट वाढलेलं असेल, तर पिंजरा उघडून उपयोग काय?

यात मामांसारख्या शेतकऱ्याला दोष देता येत नाही. ऐन पेरणीत बैल लंगडायला लागला, तर त्याला उद्या औताला उभा करणारं इंजेक्शन हवंच असतं. आणि गिधाडांना सुरक्षित असं औषध आहे: मेलॉक्सिकॅम. प्रश्न फक्त गोठ्यात कुठली बाटली उघडली जाते, एवढाच.

आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी, गावाकडे अजून दावणीला गुरं आहेत. रविवारी फोन कराल तेव्हा 'जेवलात का?' झाल्यावर एवढं विचारा, की बैलाला कुठलं इंजेक्शन दिलं? आणि डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.