हातानें रेखिलेली गति

हिंवाळ्यांत भिगवणजवळ उजनी जलाशयाच्या कांठीं आपणांपैकीं पुष्कळांनीं रोहित पक्षी पाहिले असतील. हा पक्षी चिमणीसारखा एकदम उडत नाहीं. लांब मान पुढें ताणून तो प्रथम पाण्यावरून धांवतो, पंख मारूं लागतो, आणि मग कोठें त्याचे पाय पाण्यापासून सुटतात. हें आपण सहज पाहतों. परंतु कागदावर उतरविण्याची वेळ आली, तर पाय कितव्या पावलास सुटले हें आपणांस सांगतां येईल काय? जपानांत हातानें रेखाटून जे चित्रपट होतात, त्यांतील कलेचें बीज या प्रश्नांत आहे.

चित्रपटाच्या फितीवरून एका सेकंदास २४ चौकटी सरकतात. प्रत्येक चौकटीस निराळें चित्र काढावें तर मिनिटास १,४४० चित्रें लागतील. जपानी चित्रकार बहुधा एकच चित्र तीन चौकटींपुरतें ठेवितात. तरीहि सतत हालणाऱ्या पात्रास मिनिटाला ४८० चित्रें लागतातच. मुख्य चित्रकार हालचालीच्या मोक्याच्या अवस्था रेखितो, मधल्या त्याचे साहाय्यक भरतात. संगणक येण्यापूर्वीं हीं चित्रें ‘सेल’ नांवाच्या पारदर्शक पत्र्यावर उतरवून मागील बाजूनें रंगवीत, आणि वेगळ्या रंगविलेल्या देखाव्यावर ठेवून एकेकाचें छायाचित्र घेत.

थोडक्या चित्रांत भागविण्याची ही रीत ओसामू तेझुका यांच्या १९६३ सालच्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ मालिकेनें रूढ केली. कित्येक तीस उणीव समजतात. मला तसें वाटत नाहीं. हालचाल थोडी ठेवावयाची म्हटलें कीं ती कोणती, याचा विचार अधिक करावा लागतो. हायाओ मियाझाकी यांच्या ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) या चित्रपटांत दोघी बहिणी पावसांत बसथांब्यावर वडिलांची वाट पाहत उभ्या आहेत. बराच वेळ कांहींच घडत नाहीं. मग शेजारीं येऊन उभा राहिलेला अवाढव्य टोटोरो छत्रीवर पडणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकून हरखतो, आणि तेवढ्यानें आपणहि हरखतों.

हें तंत्र आपल्या प्रांतास अगदींच परकें नव्हे. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं वाटाण्याच्या रोपाची दररोज एकेक चौकट घेऊन त्याची वाढ पडद्यावर क्षणांत दाखविली, व १९१५ मध्यें ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटांत निर्जीव काड्यांस चालतें केलें. जपानांतील हस्तचित्रित पट १९१७ पासून निघूं लागले.

या दोन देशांची गांठ पुढें रामकथेंत पडली. युगो साको हे जपानी निर्माते १९८३ सालीं माहितीपटाच्या कामानें भारतांत आले आणि रामायणाच्या ओढींत सांपडले. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्यें तयार झालेले राम मोहन त्यांस मिळाले, व उभयतांनीं कोइची सासाकी यांच्यासह ‘रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’ हा चित्रपट केला. सुमारे एक लक्ष चित्रें हातानें काढावीं लागलीं. जपानी हात कमालीचे सराईत. परंतु धोतर कसें नेसतात, थोरांनीं आशीर्वाद देतांना लहानांनीं तो कसा घ्यावयाचा, हें त्यांस भारतीय चित्रकारांनीं शिकविलें. रेघ त्यांची, पण पाहिलेलें आपलें! जानेवारी १९९३ मध्यें दिल्लीच्या चित्रपट-महोत्सवांत तो दाखविला गेला. भारतांतील चित्रगृहांत सर्वत्र झळकण्यास मात्र २०२५ साल उजाडलें.

बारामतीच्या बाजारांत धोतराचा सोगा हातीं धरून चालणारे एखादे आजोबा दिसले तर पाहावें, पाऊल उचलतांना निऱ्या कोठें मोडतात. किंवा जुन्या वहीच्या कोपऱ्यांत चोवीस पानांवर तो रोहित काढावा व पानें आंगठ्याखालून भरभर सोडावीं. पक्षी दहाव्या पानावर उडाला, वास्तविक तो आणखी दोन पानें धांवावयास हवा होता, हें डोळ्यांस तत्काळ कळतें. मग रबर घेऊन बसावें, किंवा येत्या रविवारीं पुन्हां भिगवण गांठावें.