बेंगळूरमध्ये खिसा सांभाळून बाहेर कसं खायचं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची कितीतरी मुलं-मुली नोकरीसाठी बेंगळूरला आहेत. पगारातला मोठा वाटा खोलीच्या भाड्यात जातो. हात आखडला की पहिली काट बसते ती जेवणावर. कुणी रात्री चहा-बिस्किटावर भागवतं, कुणी मित्रांनी बोलावलं की काहीतरी कारण सांगून टाळतं. खरं तर या दोन्हीची गरज नाही.

दर्शिनी स्वस्त का?

हॉटेलच्या बिलात नुसतं जेवण नसतं. जागेचं भाडं, एसी, वाढप्यांचे पगार, तुम्ही टेबल किती वेळ अडवता हेही त्यात येतं. बेंगळूरच्या ‘दर्शिनी’ हॉटेलांनी १९८० च्या दशकापासून नेमका हाच खर्च कमी केला. पैसे भरून टोकन घ्यायचं, ताटली स्वतः उचलायची, उभ्यानंच खायचं. दहा मिनिटांत जागा मोकळी. त्यामुळे इडली-वडा, सेट डोसा, खारा भात ताजा मिळतो आणि परवडतोही. दोघं असाल तर कॉफी ‘बाय टू’ मागा. एकच कॉफी दोन ग्लासांत येते. यात कमीपणा नाही, ती तिथली रीतच आहे.

फारच तंगी असेल तर

सरकारी इंदिरा कॅन्टीन आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा नाश्ता ५ रुपये आणि जेवण १० रुपये असा दर ठेवला होता. रांगेत रिक्षावाले, मजूर, विद्यार्थी सगळेच असतात.

मित्रांबरोबर जायचं असेल तर

संध्याकाळी व्ही. व्ही. पुरमची खाऊगल्ली गाठा. चौघांत चार वेगवेगळ्या प्लेट घ्या, वाटून खा.

बसून जेवलात तर बिल वाचा

साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के असतो. ‘सर्व्हिस चार्ज’ मात्र कर नव्हे. तो देणं ग्राहकाच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तसे नियम काढले, दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले. बिलात तो लावला असेल तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

पैसे जरूर वाचवा, पण उपाशी राहून नको. रात्री घरून फोन येतो, आई विचारते, “जेवलास काय?” तेव्हा ‘हो’ म्हणताना खोटं बोलावं लागू नये, एवढं तरी नक्की जमतं.