भिसे खिंडीतली परीक्षा

२००४ साली स्कोडाने भारतात ऑक्टाव्हिया आरएस आणली तेव्हा तिच्या तोडीची गाडी त्या किमतीत दुसरी नव्हती. १.८ लिटरचं टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती, चार सिलिंडरांत मिळून वीस झडपा. जोडणी औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला. पुढे २०१३ मध्ये चाकणहून पोलो जीटी टीएसआय आली, २०१५ मध्ये रांजणगावहून अबार्थ पुंटो. खिशाला झेपेल अशी वेगाची हौस महाराष्ट्रातच जोडली गेली आणि आता ती महाराष्ट्रातच जुनी होते आहे. पुण्यात दोन-तीन मालक करून, सव्वा-दीड लाख किलोमीटर पळून या गाड्या घाट उतरतात. पाटी एमएच-१२ चीच राहते, मालकाचं नाव तेवढं पेणच्या परिवहन कार्यालयात बदलतं. नव्या छोट्या गाडीच्या निम्म्याहून कमी पैशांत टर्बो मिळाली म्हणून रोह्याचा नवा मालक खूश असतो. मग वडखळच्या अलीकडेच डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो.

सौदा करताना सगळे एकच विचारतात, "रनिंग किती?" हा आकडा सर्वांत कमी सांगतो, आणि तो फिरवताही येतो. द्रुतगती मार्गावर सलग चाललेली दीड लाखाची गाडी आणि कोथरूड ते डेक्कन अशी रोज थंड इंजिनावर हाकलेली सत्तर हजारांची गाडी, यांत पहिली निरोगी असण्याची शक्यता जास्त. त्यामागे साधं रसायन आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन तापलेलं असेल तर ते वाफ होऊन बाहेर पडतं. पाच मिनिटांच्या फेऱ्यांत ते सायलेन्सरमध्ये आणि थोडं ऑइलमध्येच राहतं, आणि तिथे आम्ल तयार व्हायला सुरुवात होते. रबराचं तर किलोमीटरशी देणंघेणंच नाही. बॉनेटखालच्या नळ्या, इंजिनाचे माउंट, सस्पेन्शनचे बुश हे काळाने आणि उष्णतेने कडक होतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा ऱ्हास ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतो. म्हणून मीटरआधी टायरच्या कडेवरचे चार अंक वाचावेत. २३१८ म्हणजे २०१८ सालातला तेविसावा आठवडा. मीटर चाळीस हजार म्हणतोय आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर खोटं कोण बोलतंय हे उघड आहे.

आता तो पिवळा दिवा. गॅरेजात स्कॅनर लावला की पी०१७१ असा काहीतरी कोड येतो. अर्थ असा की, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. इथून पुढे बहुतेक ठिकाणी जे होतं ते सांगायला नको. "ऑक्सिजन सेन्सर गेलाय" म्हणून तो बदलला जातो, आठवड्याने दिवा परत लागतो, मग इंजेक्टर साफ होतात, मग पेट्रोल पंप बदलतो. ताप १०२ आहे एवढं कळल्यावर एकामागून एक औषधं देऊन बघावीत, तसा हा प्रकार. सेन्सर बिचारा बहुतेक वेळा खरं बोलत असतो. खरं सांगणाऱ्यालाच काढून टाकल्यावर उरलेली तक्रार कुणाकडे करायची?

स्कॅनरमध्ये कोडपेक्षा मोलाचा एक आकडा असतो, फ्युएल ट्रिम. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते. हवा किती आली हे आत शिरतानाच एक सेन्सर मोजतो, त्या हिशेबाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो, आणि जळल्यानंतर धुरात ऑक्सिजन किती उरला हे सायलेन्सरमधला सेन्सर सांगतो. हिशेब चुकला असेल तर कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो. ही वाढ-घट टक्क्यांत म्हणजे ट्रिम. उणे-अधिक पाच टक्के सामान्य, दहाच्या पुढे लक्ष घालायचं, आणि वीस-पंचविसाच्या आसपास बहुतेक गाड्या दिवा लावतात.

ही परीक्षा घ्यायला रोहेकरांना दूर जावं लागत नाही. नागोठण्याहून रोह्याकडे येताना भिसे खिंड लागते. आधी नागोठण्यात गाडी कडेला उभी करून, इंजिन तापलेलं असताना, मंद गतीवरचा ट्रिम बघायचा. मग शेजारी कुणाला तरी स्कॅनर धरायला बसवून खिंड चढायची आणि पुन्हा बघायचा. समजा उभ्या गाडीत अधिक अठरा टक्के दिसले आणि चढणीवर तीन-चारच. याचा अर्थ कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरते आहे, मेस्त्री ज्याला "हवा खातेय" म्हणतात तेच. कारण असं की, असं इंजिन उभ्यानं सेकंदाला जेमतेम तीन ग्रॅम हवा घेतं. एखाद्या चिरलेल्या नळीतून अर्धा ग्रॅम हवा चोरवाटेनं आली तर हिशेब सोळा-सतरा टक्क्यांनी चुकतो. चढणीवर तेच इंजिन साठ ग्रॅम ओढतं, त्यात अर्ध्या ग्रॅमची किंमत टक्काभरही नाही. उलट उभ्या गाडीत सगळं ठीक आणि चढताना आकडा वर जात असेल, तर पेट्रोलच पुरत नाही. पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर, तिकडे बघायचं. एकच कोड, दोन अगदी वेगळी दुखणी, आणि त्यांच्यातला निवाडा करायला पार्टवर एक रुपयाही खर्च नाही.

टर्बो गाडीत याला आणखी एक गमतीशीर पीळ असतो. थ्रॉटलनंतरच्या इनटेकच्या नळीत उभ्या गाडीत पोकळी असते, म्हणून चिरेतून हवा आत ओढली जाते. टर्बोने दाब धरला की त्याच चिरेतून मोजलेली हवा बाहेर फुसकन निघते. मग पेट्रोल जास्त होतं, धूर काळा पडतो, पिकअप मरतो. उभ्यानं भुकेलेली आणि खिंडीत अजीर्ण झालेली अशी गाडी असेल तर दोन दोष शोधत बसू नये. जुन्या १.८ टर्बोत या नळ्या आणि जादा दाब सोडणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह हे नेहमीचे गुन्हेगार आहेत. व्हॉल्व्हचा आतला पडदा फाटतो, बाहेरून तो शाबूत दिसतो.

यात अलीकडे एक नवा घोळ शिरला आहे. २०२५ पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे अशा मिश्रणाला १४.७ नाही, साडेतेराच्या आसपास हवा पुरते. शुद्ध पेट्रोलचा हिशेब पाठ असलेला २००४ सालचा कॉम्प्युटर हे भरून काढायला ट्रिम सात-आठ टक्क्यांनी वर नेतो. हा दोष नाही, इंधनाचा गुण आहे. पण गाडीची ऐपत त्यात आधीच खर्च झालेली असते. पूर्वी दुर्लक्ष करता आलं असतं अशी बारीक चीर आता दिवा लावायला पुरते. जुन्या गाडीचा ट्रिम वाचताना ही वजाबाकी न करणाऱ्या मेस्त्रीवर माझा विश्वास बसत नाही, मग त्याचा स्कॅनर कितीही महाग असो.

दुसरी नेहमीची तक्रार मिसिंगची. गाडी धक्के देते, विशेषतः पावसात. स्कॅनर पी०३०२ म्हणतो, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा ज्वलन चुकतंय. जुन्या १.८ टर्बो इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते आणि त्या कॉइल जगभर बदनाम आहेत. तरीही नवी आणण्याआधी दहा मिनिटांचा प्रयोग करावा. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर, बाकी काही हलवायचं नाही. कोड पुसून खिंडीत एक फेरी. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर गेला, कॉइलच खराब. पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष. मग याच पद्धतीने प्लग, मग इंजेक्टर. प्रयोगशाळेत एका वेळी एकच गोष्ट बदलतात, ती इथे बॉनेटवर वाकून करायची.

आता खास पेण-रोह्याचं दुखणं. एका बाजूला धरमतरची खाडी, मिठागरं, खारलँड. दुसरीकडे कुंडलिकेचं खोरं आणि धाटावची रासायनिक वसाहत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. देशावर वीस वर्षं कोरडी राहिलेली गाडी इथे दोन पावसाळ्यांत गंजू लागते. क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडतो आणि खारट ओल गंजाला लागणारा विद्युतप्रवाह वाहून नेते. दारांच्या खालच्या कडा, सस्पेन्शनचे बुरूज आपण बघतो. ज्याकडे कुणी बघत नाही तो म्हणजे अर्थिंगचा पट्टा, बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिन आणि बॉडीला जाणारी ती जाड वेणीची तार.

ओहमचा नियम शाळेत सगळ्यांनी घोकलेला असतो. स्टार्टर मोटर सुरू होताना दीडशे अँपिअरच्या घरात प्रवाह ओढते. अर्थिंगच्या नटाखाली गंजाने एक शतांश ओहम एवढा रोध तयार झाला असेल, तर तेवढ्या जागेत दीड व्होल्ट खाल्ले जातात. हा रोध साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर दिसतच नाही. मीटर शून्य दाखवतो आणि मेस्त्री "अर्थिंग ओके" म्हणतो. तो पकडायचा तर मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला, दुसरं इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावायचं आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचं. ०.२, फार तर ०.३ व्होल्टपर्यंत चालेल. त्याहून जास्त आलं तर पट्टा सोडून, घासून, ग्रीस लावून पुन्हा आवळायचा. सेन्सरांचे संकेत व्होल्टच्या दशांशांत असतात, त्यामुळे जमीनच हलली की ते सगळे एकाच वेळी खोटं बोलू लागतात. एबीएस, एअरबॅग, थ्रॉटल असे एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम दिसले तर मी पाच रोग शोधत नाही, आधी हा नट उघडायला लावतो. यासोबत पुढच्या सीटखालचा गालिचा उचलून हात घालावा. दारातून झिरपलेलं पाणी तिथे साठतं आणि तारांचे जोड हिरवे पडतात. शिवाय २२ जुलै २०२१ नंतर महाड-चिपळूणच्या पुरातून निघालेल्या गाड्याही बाजारात आल्याच. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहिलेली असते, तिथपर्यंत धुणारा हात सहसा जात नाही.

खडखडाटाबद्दल थोडक्यात. महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ पासून बघितलेल्या माणसाला लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड का जातात हे समजावायला नको. ते स्वस्त आहेत, बदला आणि पुढे चला.

महाग प्रश्न इंजिनाच्या पोटाचा. ऑइल जळतंय, निळा धूर आहे, तर रिंगा गेल्या की झडपांचे सील, की टर्बो? कॉम्प्रेशनची चाचणी इथे अजूनही राणी आहे. प्लग काढून त्या जागी दाबमापक बसवायचा आणि इंजिन फिरवायचं. आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत हे महत्त्वाचं. एखादा पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर त्याच सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर ऑइलने रिंगेच्या फटी तात्पुरत्या बुजवल्या, म्हणजे गळती रिंगेतून. जराही हलला नाही तर झडप किंवा हेड गॅस्केट. शंका उरलीच तर कॉम्प्रेसरची हवा सिलिंडरमध्ये भरून कान लावायचा. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्टची झडप, हवेच्या नळीतून आली तर इनटेकची, आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट. चारही जागा निरोगी आणि तरी घाट उतरताना पाय उचलल्यावर निळा धूर येत असेल, तर संशय झडपांच्या सीलवर आणि टर्बोवर. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाहून जास्त फेरे ऑइलच्या पातळ थरावर मारते, तिचे सील झिजले की ऑइल इंटरकूलरच्या नळीत उतरतं. नळी सोडून बोट फिरवलं की हाताला कळतं. ओशट ओल चालते, थेंब निथळत असेल तर नाही.

पोलो जीटी घेणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तिच्या सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या पेटीबाबत २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांसाठी मोहीम काढली होती. उष्ण-दमट हवेत, थांबत-चालत वाहतुकीत सिंथेटिक गिअर ऑइलमुळे विजेच्या भागात बिघाड होऊ शकतो, म्हणून खनिज ऑइल भरायचं ठरलं. उष्ण, दमट आणि थांबत-चालत, म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशीचा पेण नाका. अशा गाडीत पेटीचं ऑइल कधी, कोणतं बदललं, याचा कागद मागून घ्यावा. आणि गर्दीत ब्रेक अर्धवट सोडून गाडी सरपटत नेऊ नये, क्लच तापतो.

एवढं मोजमाप करूनही एक भाग असा आहे, जो मोजता येत नाही. ऑक्टाव्हिया आणि अबार्थच्या टायमिंगचा रबरी पट्टा तुटण्याआधी आवाज करत नाही, कोड देत नाही, ट्रिम हलवत नाही. तो तुटला की पिस्टन उघड्या झडपांवर आदळतो, आणि आरएसमध्ये त्या वीस आहेत. आधीच्या मालकाने बदलल्याचं बिल हातात नसेल तर इथे निदानाच्या फंदात पडूच नये. पट्टा, त्याचा टेन्शनर आणि त्याच पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंप एकदमच बदलावा. जुन्या पंपांत प्लॅस्टिकचं पातं असतं, ते दांडीवर सैल होऊन नुसतंच गरगरतं आणि पाणी हलत नाही. तिन्हींसाठी उघडझाप एकच, मजुरीही एकदाच. गाडी घरी आल्यावरचं पहिलं काम हे. भिसे खिंड त्यानंतर.